उतरायची जागा

९ ऑगस्ट, शनिवार

सगळे चुकीचे लावले! एकूण एक!

मला वाटलं होतं झकास जमलंय. गहू कापून गेलेलं रान, पायाला बुडखे टोचतायत, आणि मी अंधारात प्लास्टिकच्या हंसांची पोती ओढतोय, ह्यांना बघून खरे खाली उतरावेत म्हणून. ह्यांच्या माना वेगळ्या येतात, पिळून बसवायच्या. बसवल्या. मग ओळी केल्या. जयसिंगपुरात मांडववाल्याकडे लग्नाच्या खुर्च्याच लावल्यात मी, हात आपोआप सरळ रेषेत जातो. आणि सगळ्यांची तोंडं आमच्या आडोशाकडे. प्रेक्षकांकडे पाठ कशी करणार?

उजाडलं. टेन हाफ आडोशाच्या जाळीतून उठला आणि बघतच राहिला. म्हातारा, शेत त्याचंच. म्हणाला, "ही शाळा भरलीय का? मास्तर कोण, मी?" उटे हसून हसून खाली बसली. ती जनावरांची डॉक्टर. तिची कुत्री कोरा पण माझ्याकडे बघत होती.

तर — हंस वाऱ्याकडे तोंड करून बसतो. आज वारा डावीकडून होता. शिवाय मी सगळ्यांच्या माना वर ठेवल्या. सगळ्यांच्या माना वर म्हणजे सगळे घाबरलेत, असं वरून येणाऱ्यांना वाटतं. खऱ्या थव्यात एखाद-दुसरा पहाऱ्याला, बाकीचे खात असतात. आणि मध्ये मोकळी जागा सोडायची. उतरायची जागा. तीच नसेल तर उतरणार कुठे?

हे सगळं काकांनी गाडीत सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा ऱ्हाइनमधल्या मालबोटी बघत होतो. एका बोटीवर चक्क झोपाळा होता.

एकही हंस आला नाही. काका एका शब्दाने बोलले नाहीत. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

१० ऑगस्ट

कोण कोण ते लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या वर्षी मलाच कळायचं नाही.

काका म्हणजे चंद्रशेखरकाका. बाबांचे लांबचे मावसभाऊ. इथे जर्मनीत, आखनमध्ये तीस-एक वर्षं, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत होते, आता रिटायर. स्टुटगार्टला मी बेकरीची आउसबिल्डुंग, म्हणजे शिकाऊ नोकरी, सोडली — रोज रात्री दोनला उठून पीठ! — तेव्हा ह्यांनी पोटमाळ्यावर जागा दिली. व्हिसासाठी मार्चच्या आत नवीन काहीतरी शोधायचंय. शोधतोय. म्हणजे शोधणार आहे.

काकांकडे शिकारीचा परवाना आहे. खरंच! वर्षभर क्लास करून काढलाय. बंदूक मात्र टेन हाफची, त्या दिवसापुरती. शिकारीचा पट्टा, म्हणजे ह्या रानात शिकार करायचा हक्क, तिघांच्या नावावर होता — टेन हाफ, उटे आणि एक बेर्न्ट. बेर्न्ट मुलीकडे राहायला गेला. त्याची जागा रिकामी. सप्टेंबरातल्या शेवटच्या शिकारीनंतर ठरणार — काका की टेन हाफचा पुतण्या.

काकांना ती जागा हवीय. फार हवीय. सहा वर्षं पाहुणे म्हणून जातायत. काल परतताना एवढंच म्हणाले, "पाहुणा असण्याचा कंटाळा आलाय रे. पाहुण्याला कॉफी आधी देतात आणि विचारत काहीच नाहीत."

आता गंमत. सुरेखाकाकूंना ह्यातलं काही माहीत नाही! काकूंच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांना सांगितलंय की काका पक्षी मोजायला जातात. उन्हाळी गणना. आणि प्लास्टिकचे हंस? अभ्यासाचं साहित्य. काकू मंडळातल्या बायकांना कौतुकाने सांगतात — "आमचे हे पक्षी मोजतात हो, जर्मन लोकांबरोबर."

आज जेवताना विचारलं, "अहो, काल किती मोजलीत बदकं?"

काका म्हणाले, "आल्झो... त्सिमलिश फीले." पुष्कळ, असं.

"म्हणजे बरी झाली मोजणी?"

"गेनाऊ." अगदी बरोबर, असं.

एरवी काका घरात जर्मनचा शब्द काढत नाहीत.

११ ऑगस्ट

डास चावलेले मोजायला घेतले. कंटाळा आला, सोडून दिलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज जमलं.

परवा सायकलवरून पार्सलं टाकत होतो, तलावापाशी खरे हंस दिसले. थांबलो. पार्सल एका बाईचं होतं, तिने नंतर फोनवर झापलं. पण बघून ठेवलं. ते काय ओळीत बसत नाहीत. घरोघरचे वेगळे बसतात, लग्नात जेवण झाल्यावर लोक बसतात ना तसे — इथे चौघं, तिथे तिघं, एक म्हातारा लांब. तोंड साधारण वाऱ्याकडे, पण एखादा तिसरीकडेच बघत असतो. तसेच लावले. टेन हाफ फिरून आला, एका हंसाला बुटाने जरा वळवला, म्हणाला, "ना आल्झो." ही त्याची शाबासकी म्हणे.

मोकळी जागा काकांनी टेन हाफसमोर सोडायला लावली. "मान त्यांचा." आम्ही डाव्या टोकाला, चराशेजारी.

थवा आला. आधी आवाज, मग खूप वेळ काही नाही, मग एकदम डोक्यावर. टेन हाफने बार काढला, उटेने काढला. पडले. आणि थवा कालव्यापार गेल्यावर — काकांनी काढला.

मला वाटलं चुकून. दुसऱ्या थव्यालाही तेच. आणि कोरा! बाकीच्यांच्या बाराला ती टुणकन उठते. काकांच्या बाराला मानसुद्धा वळवत नाही.

मी म्हणालो, "काका, तुम्ही मुद्दाम —"

"हळू बोल."

मग स्वतःच म्हणाले, "घरी, मारतो हे कळता कामा नये. इथे, मारत नाही हे कळता कामा नये. सहा वर्षं हेच चाललंय."

"मग येता कशाला?"

त्यांनी हाताने समोर दाखवलं. धुकं होतं, आपले खोटे हंस अर्धे बुडालेले, पलीकडे टेन हाफ थर्मासातून उटेला कॉफी ओतत होता. "हे," म्हणाले. मग म्हणाले, "एकदा पूर्ण उतरलेले बघायचेत. पाय टेकलेले. त्याआधीच ह्यांची धाडधाड सुरू होते."

परतताना उटे हसत म्हणाली, शेकर आभाळाला भोकं पाडतो. काकाही हसले. इथे सगळे त्यांना शेकर म्हणतात.

कलहंस म्हणतात ह्यांना मराठीत, असंही काकांनी सांगितलं. मी आयुष्यात ऐकला नव्हता हा शब्द.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. काकूंनी तळघर आवरायला काढलं. मखर, समया, गौरीचे मुखवटे सगळं तिथेच असतं. आणि पोत्यांत हंस.

मला खाली बोलावलं. जाऊन बघतो तर दोरीवर टॉवेल, टॉवेलावर गौरीचे दोन मुखवटे वाळतायत, आणि शेजारी ओळीने हंसांच्या माना! खाली धडं. सगळी चकाचक.

"अरे, किती मळली होती रे बदकं!" काकू म्हणाल्या. "पावडरच्या पाण्यात भिजवली, ब्रश मारला, वरून खोबरेल तेलाचा हात फिरवला. आणि डोळे बघ किती फिके पडले होते. गौरीचे करते ना दरवर्षी, तोच काळा रंग उरला होता."

खरंच. हंसांच्या डोळ्यांना कोरीव रेघ. एक तर लाजतोय असं वाटत होतं.

काका जिन्यात उभे होते. मग म्हणाले, "वुंडरबार." अप्रतिम, असं.

वर आल्यावर मला हळूच सांगितलं — हंसांना चमक फार दिसते, आपल्याला दिसत नाही ती पण दिसते. पावडरने धुतलेलं तर कधीच न्यायचं नाही. मी म्हणालो, मग पुन्हा मळवू या. म्हणाले, "दोन दिवस खपलीय रे ती. काय सांगू तिला?"

२ सप्टेंबर

गौरी गेल्या. आज पुरणपोळ्या उरल्यात. मस्त. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

तसेच नेले. काकांचं म्हणणं, ढगाळ असेल, चालून जाईल.

लख्ख ऊन पडलं!

भांड्यांच्या दुकानासारखं दिसत होतं शेत. थवा आला, खाली झुकला — आणि अर्ध्या हवेत असा वळला की पंखांचा आवाज फाडकन आला. मग दुसरा. तोही. तिसरा तर लांबूनच गेला.

टेन हाफ लाल झाला होता. तरातरा गेला, एक हंस उचलला, बोट फिरवलं, हुंगलं.

"कोकोस?" नारळ का, असं.

काका म्हणाले, "माइने फ्राउ." माझी बायको.

टेन हाफ त्या हंसाच्या डोळ्यांकडे बघत राहिला. काजळ घातलेले डोळे. आणि हसायला लागला. टोपी काढून हसला. उटेला तर बोलताच येईना. "तुझी बायको? हिला घेऊन ये! विसाव्या तारखेला, शेवटच्या शिकारीला. नंतर सगळे जेवतो, बायका येतात, सूप असतं. आणच!"

काका म्हणाले, "नाट्युअरलिश." अर्थातच, असं.

मग टेन हाफचं हसू थांबलं. मी पोती भरत होतो, सगळं ऐकू आलं. "शेकर, मी ऑक्टोबरात गहू पेरणार. हंस कोवळं खातात, मुळासकट. माझ्या पुतण्याचा नेम चांगला आहे, पण मला तो आवडत नाही. तू आवडतोस. विसाव्या तारखेला एक पाड. फक्त एक. बाकी मी बघतो."

परतताना क्रेफेल्डच्या अलीकडे थांबून फ्रेंच फ्राइज घेतल्या. मी म्हणालो, "मारणार?"

"बघू."

"आणि काकूंना काय सांगायचं?"

"गणनेचा समारोप."

१४ सप्टेंबर, रविवार

अख्खा दिवस हंसांना चिखल लावण्यात. आधी सोड्याने तेल काढलं, मग अंगणात बसून नदीचा गाळ. मजा आली, लहानपणी बैल करायचो तसं.

काकू खिडकीतून — "अहो, हे काय! न्हाऊ घातलेल्या पोरांना परत चिखलात लोळवता?"

काका — "टार्नुंग. डास इस्ट विसनशाफ्टलिश." वेषांतर, आणि शास्त्रीय आहे म्हणे.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खिडकी लावून घेतली.

१९ सप्टेंबर

उद्या. काकांनी परत बजावलं, "मोकळी जागा टेन हाफसमोर."

बरं म्हणालो.

पण मग कसा पडेल ह्यांच्यासमोर? हंस जागा असेल तिकडेच येणार ना?

२० सप्टेंबर, शनिवार

उशीर झालाय पण लिहूनच झोपतो.

मोकळी जागा मी हलवली. अंधारात कोणाला कळलं नाही. टेन हाफसमोर दाट लावले, मान खाली घातलेले, गर्दीत. चराकडे उघडं ठेवलं — बरोब्बर आमच्यासमोर. वारा पाठीमागून होता, म्हणजे येणारे आमच्याकडे तोंड करून येणार. काकांनी उजाडल्यावर बघितलं. माझ्याकडे बघितलं. "अन्या," एवढंच म्हणाले.

आले. मोठा थवा नव्हता. एक चक्कर मारली, बोलत बोलत. आपले काजळवाले खाली गप्प. मग ते पंख वाकवून, पाय पुढे काढून, हवेतून घसरत आले. सरळ आमच्याकडे. इतके जवळ की चोचीचा केशरी रंग दिसत होता. काका उठले. बंदूक खांद्याला. मी कानांवर हात ठेवले.

काही नाही.

काका नुसते बघत होते. तोंड थोडं उघडं. ते पाय टेकणार एवढ्यात उजवीकडून बार — एक, लगेच दुसरा, तिसरा. आमच्यासमोर एक धप्पकन पडला. बाकीचे गेले.

टेन हाफ पळत आला, ह्या वयात! "शेकर! एंडलिश!" अखेर, अखेर, म्हणत. काकांचा हात हातात घेतला, "वाइडमान्सहाइल!" शिकार मिळाली की असं म्हणतात, मग मारणाऱ्याने उत्तर द्यायचं असतं. काकांनी हंसाकडे बघितलं. टेन हाफकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं.

"वाइडमान्सडांक," म्हणाले.

टेन हाफने एक फांदी मोडून काकांच्या टोपीत खोचली, शिकार केल्याची खूण म्हणून.

नंतर काकांनी बंदूक उघडली. दोन्ही काडतुसं भरलेलीच निघाली. रिकामी टरफलं गोळा करायचं काम माझं असतं. आमच्या आडोशात एकही नव्हतं.

तासाभराने काकू आल्या. उटेने स्टेशनवरून आणलं. जरीची साडी, वर जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज, हातात शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा. कोठारासमोर ऐटीत उतरल्या. तिथे मारलेले हंस ओळीने मांडून ठेवलेले असतात, खाली हिरव्या फांद्या. रीत आहे त्यांची.

काकू तरातरा तिकडेच गेल्या. "अगं बाई! परत चिखल!"

रुमाल काढला आणि वाकल्या. टोकाच्या हंसाची चोच पुसायला घेतली. तशी त्याची मान त्यांच्या हातात वळली.

त्यांनी हात नाही काढला. दुसरा हात पोटावर ठेवला.

"मऊ आहे," म्हणाल्या. कोणाला असं नाही.

टेन हाफला वाटलं, हंसाला मानवंदना देतायत. खूश झाला. "हा त्याचाच! तुझ्या नवऱ्याचा! सहा वर्षांत पहिला!" काकूंना जर्मन सगळं कळतं, पाळणाघराच्या स्वयंपाकघरात होत्या किती वर्षं. उठल्या. रुमालाची घडी घातली.

"अहो, हा तुम्ही मारलात?"

सगळे बघत होते. काका फांदी खोचलेली टोपी घालून उभे.

"गेनाऊ," म्हणाले.

काकूंनी डबा उघडला आणि सगळ्यांना शंकरपाळे वाटले. टेन हाफने दोनदा घेतले. सूप प्यायल्या नाहीत, पाव खाल्ला. परतताना मागच्या सीटवर बसल्या. मी पुढे. माझ्या पायांशी पिशवीत हंस होता — ज्याने मारला त्याला मिळतो.

२१ सप्टेंबर

बोलणं नाही.

२३ सप्टेंबर

काल घट बसले. काकू मला म्हणाल्या, "बाल्कनीत ते आहे ना, ते कुठेतरी ने." तर आज हंस घेऊन ट्रेनने उटेकडे! दोनदा गाडी बदलायची. एकदा चुकीच्या गाडीत बसलो, खिडकीशी एक मुलगी चित्र काढत होती, ते बघण्यात तीन स्टेशनं पुढे. पिशवीतून पंख बाहेर आला होता. समोरच्या आजोबांनी टोपी काढून "वाइडमान्सहाइल" म्हटलं. मी आपलं डांक म्हणून टाकलं. मग वाटलं, अरे, मी पण तेच केलं.

उटेने हंस घेतला. पिसं बाजूला करून बघत होती. म्हणाली, "शेकर खूश आहे का?"

"आहे की."

"हं." कोराला एक पंख दिला खेळायला.

२५ सप्टेंबर

टेन हाफचा फोन. जागा काकांची. चार तारखेला गावातल्या गास्टहाउसात सह्या. काकांनी फोन ठेवला आणि आत सांगायला गेले. दारापर्यंत गेले, परत आले. मला सांगितलं.

हाम्बुर्गला एका बोटीच्या खानावळीत जागा आहे म्हणतात, आउसबिल्डुंगची. पाणी बघत कांदे चिरायचे. विचारून बघतो.

२८ सप्टेंबर, रविवार

काकूंना सांगून टाकलं. राहवेना. पिठलं चार दिवस झाले अळणी होतंय आणि काका मीठ मागत नाहीत.

काकू देवापुढे वात सारखी करत होत्या. मी म्हणालो, "काकू, तो हंस काकांनी मारला नाही. बंदूक भरलेलीच होती. मी बघितलंय."

"माहीत आहे."

काकूंनी समईत तेल घातलं.

"अरे, ह्यांना खोटं बोलायचं असलं की हे जर्मनमध्ये शिरतात. लग्न झाल्यापासून बघतेय."

"मग ती मोजणी?"

"मोजणी नाही एवढं ठाऊक होतं. म्हटलं बसत असतील शेतात बिअर पीत, बसू देत. बंदूक असेल असं नव्हतं वाटलं." वात पुढे सरकवली. "तिथे विचारलं तेव्हा 'नाही' म्हणाले असते तर मी तिथेच सूप प्याले असते. भोपळ्याचं होतं."

"मग राग कसला? मारला तर नाही ना!"

"कोणाच्या तरी हाताने त्याचा जीव गेला आणि ह्यांनी तो टोपीत खोचून घेतला." हात पुसले. "मला मराठीत सांगू देत. तोवर वाढीन, बोलणार नाही."

२९ सप्टेंबर

काकांना निरोप दिला. काका म्हणाले, "हं."

२ ऑक्टोबर

दसरा. काकांनी काकूंना सोनं दिलं, म्हणजे आपट्याची नाही, कुठल्या तरी झुडपाची पानं, इथे तीच चालवतात. काकूंनी घेतलं. बोलल्या नाहीत.

४ ऑक्टोबर, शनिवार

काकू निघताना गाडीशी उभ्या. "मी पण येते." मागच्या सीटवर.

गास्टहाउस छोटं. भिंतीवर शिंगं. टेन हाफ, उटे, पुतण्या — तो हात बांधून. टेबलावर कागद, पेन. टेन हाफने काकूंसाठी स्वतः खुर्ची ओढली, "कोकोस-फ्राउ!" म्हणाला. काकू बसल्या. काकांसमोर.

काकांनी पेन घेतलं. कागद नीट वाचला, सगळा, इंजिनिअर माणूस. सहीच्या जागेवर पेन टेकवलं.

मग खाली ठेवलं. काकूंकडे बघितलं आणि मराठीत बोलायला लागले. त्या खोलीत! मोठ्याने!

"तो हंस मी मारला नाही. मी बार काढलाच नाही. सहा वर्षांत एकही नाही मारला. मला मारायचा नव्हता गं. मला फक्त ह्यांच्यात बसायचं होतं."

काकू खाली बघत होत्या. टेन हाफ माझ्याकडे वळला — काय म्हणतो हा?

सगळे माझ्याकडे. पुतण्या पण. माझं जर्मन बेकरीतलं — पीठ, ट्रे, लवकर कर, जळलं. काहीतरी भलतंच सांगता आलं असतं. आभार मानतायत, असं. काकांनी थांबवलंही नसतं बहुतेक. काकूंना मात्र कळलं असतं.

म्हणालो, "एर हाट निश्ट गेशोसन. नी. एर वोल्टं नुअर झित्सन." त्याने मारला नाही. कधीच नाही. त्याला नुसतं बसायचं होतं.

टेन हाफने कागद स्वतःकडे ओढला. उटे म्हणाली, "तो माझा होता. मला वाटलंच होतं. छर्रे माझे होते." तिचं ती बिअर प्यायली.

"शाडं," टेन हाफ म्हणाला. वाईट झालं. रागावला नव्हता. कागद उचलला आणि पुतण्यापुढे सरकवला. पुतण्याने एका झटक्यात सही केली, वाचलंसुद्धा नाही.

काकांना कॉफी आली. सगळ्यांच्या आधी.

बाहेर आलो तर काकू पुढच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. मी मागे. गावाबाहेर पडलो. मग काकू म्हणाल्या, "अहो, डावीकडून घ्या, तिकडे रस्ता बंद होता येताना."

काकांनी डावीकडून घेतली.

१२ ऑक्टोबर

हाम्बुर्गवाल्यांचं हो आलं! नोव्हेंबरच्या मध्यावर या म्हणाले. काका म्हणाले, हंस विकून टाकू, पुतण्यालाच देऊ. काकू म्हणाल्या, "माझी बदकं कोणाला द्यायची नाहीत."

८ नोव्हेंबर, शनिवार

उटेचं कुरण. तिच्याकडे कोणी बार काढत नाही, तिनेच बोलावलं. उत्तरेकडून थवेच्या थवे यायला लागलेत. पहाटे आम्ही तिघांनी लावले — काकू पोत्यातून माना काढून देत होत्या, काका पिळून बसवत होते, मी वारा बघत होतो. जाळीमागे तिघं, एक थर्मास. बंदूक नाही.

आले. चक्कर, पुन्हा चक्कर. पंख वाकवले, पाय पुढे. मी सवयीने कान झाकले.

टेकले. सगळे. इकडेतिकडे चालायला लागले, आपल्यांच्या मधून, खात, बोलत. एक काजळवाल्याशेजारी उभा राहून पिसं साफ करू लागला. काका हलत नव्हते.

काकू कुजबुजल्या, "अहो, ह्यातली आपली कुठली?"

काका म्हणाले, "आता मलाही नाही ओळखू येत."